सुरंजानची गोष्ट

युनानी औषधांचा विषय निघाला की आपल्या समाजात दोन टोके गाठली जातात. कुणी म्हणतो, सारे शोध आमच्या हकीमांनी आधीच लावले. कुणी म्हणतो, ती निव्वळ जडीबुटी. सुरंजानचा इतिहास दोघांनाही उत्तर देतो.

सांधेदुखीवर हा कंद सहाव्या शतकात ट्रॅलेसचा अलेक्झांडर हा ग्रीक वैद्य देत असे. पुढे इब्न सिनाने (मृत्यू १०३७) 'अल-कानून'मध्ये त्याची नोंद केली. हकीम गोड सुरंजान पोटात देत, कडू मात्र बाहेरून लावत. कडव्यात विष आहे, हे ते जाणून होते.

१८२० मध्ये पेलेतिए आणि कावांतू या फ्रेंच संशोधकांनी याच कुळातील वनस्पतीतून ते द्रव्य वेगळे केले. तेच कॉल्चिसिन. गाऊट, म्हणजे हकीमांचा निक्रिस, त्यावर ते आजही दिले जाते. २०२३ मध्ये अमेरिकेने हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठीही त्याच्या अल्प मात्रेला मान्यता दिली.

कॉल्चिसिन पेशींचे विभाजन थांबवते, पण कर्करोगावर वापरण्यास ते फार विषारी ठरले. तेच काम सदाफुलीने केले. तिचा काढा जमैकात मधुमेहावर घेत. कॅनडात नोबल आणि बीअर यांनी तपासले, तर साखर उतरली नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन हाती आले.

हकीमांनी वाट दाखवली, प्रयोगशाळेने मात्रा ठरवली. म्हणून घरात कुणाला गाठ आली, तर आपण सदाफुलीची पाने उकळत वेळ घालवू नये. पूर्वजांचा खरा वारसा पारखण्याचा आहे.