कतारगाम आणि संगणकीय आराखड्याची किंमत

सुरतेच्या जुन्या तटाबाहेर, कतारगाम दरवाज्यापलीकडे पसरलेला परिसर एके काळी दोन गोष्टींसाठी ओळखला जाई: इंग्रज व डच वखारवाल्यांची भव्य थडगी, आणि उंधियूसाठी आजही नावाने मागितली जाणारी कतारगामची पापडी. या शेतजमिनींवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने उभे राहिले आणि एका घंटीभोवती, म्हणजे पैलू घासण्याच्या फिरत्या चकतीभोवती, चार कारागीर बसू लागले. संगणकाच्या साहाय्याने आराखडा करण्याचे तंत्र या वस्तीत कसे आले, हा प्रश्न तंत्रज्ञानाइतकाच पैशाचाही आहे, कारण नवशिक्याला परवडणारे साधन कोणते, याचे उत्तर येथे दर पिढीला निराळे मिळत गेले.

हिऱ्याच्या धंद्यात आराखडा रेखाटनापासून नव्हे, तर कच्च्या खड्यावरील खुणेपासून सुरू होतो. खडा कोठे कापावा, त्यातून एक हिरा काढावा की दोन, आतील डाग कोठे सोडावा, हे ठरवून शाईने रेघ ओढणाऱ्या कारागिराला मार्कर म्हणत, आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग हेच त्याचे मुख्य साधन असे. मार्सेल टोलकोव्स्की याने 1919 मध्ये गोल हिऱ्याच्या प्रमाणांचे गणित मांडले असले, तरी प्रत्येक वेड्यावाकड्या खड्यात ते बसवण्याचे काम अनुभवावरच चाले. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे त्याची प्रकाश वाकवण्याची क्षमता, सुमारे 2.42 असल्यामुळे बाहेरून दिसणारा डाग प्रत्यक्षात दुसऱ्याच ठिकाणी असतो. साहजिकच खूण थोडी चुकली, तरी वजन आणि शुद्धता दोन्ही हातची जात. साधन स्वस्त, पण त्यावरची चूक अतिशय महाग, अशी ही अवस्था होती.

इस्रायलमध्ये 1988 साली स्थापन झालेल्या सरीन कंपनीच्या यंत्रांनी हे चित्र पालटले. फिरत्या खड्याच्या बाह्याकृती टिपून ही यंत्रे त्याची त्रिमितीय प्रतिमा तयार करीत आणि संगणक त्या प्रतिमेत वेगवेगळ्या आकारांचे हिरे बसवून वजनाची तुलना दाखवी. पुढे गॅलेक्सी या प्रणालीने आतील डागांचा नकाशाही दिला. येथे सॉफ्टवेअर यंत्राशीच जोडलेले असल्यामुळे ते वेगळे निवडण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता, आणि ते यंत्र छोट्या कारखानदाराच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यावरचा तोडगा धंद्याच्या जुन्या रीतीतूनच निघाला: यंत्रधारकाकडे खडे पाठवून कामापुरते पैसे मोजण्याची, म्हणजे जॉबवर्कची पद्धत. यंत्र विकत न घेता त्याचा लाभ मिळाला ही मोठी सोय खरी, पण नवशिक्याच्या हाती यातून काहीच आले नाही. त्याला शिकायचे तर यंत्र असलेल्या शेठकडेच नोकरी धरावी लागे.

दागिन्यांच्या आराखड्याची वाट अधिक मोकळी होती. 1978 मध्ये स्थापन झालेली आणि कतारगामच्या औद्योगिक वसाहतीत असलेली इंडियन डायमंड इन्स्टिट्यूट हिरेकामाबरोबर दागिन्यांच्या हस्तरेखाटनाचे व संगणकीय आराखड्याचेही शिक्षण देऊ लागली. 1982 मध्ये आलेले ऑटोकॅड इमारती व यंत्रभागांच्या नकाशांसाठी उत्तम ठरले, तरी वेलबुट्टीच्या वळणांना ते अपुरे पडे. हाँगकाँगचे ज्वेलकॅड आणि 1998 पासूनचे रायनो यांनी ती उणीव भरून काढली. रायनोचा पाया नर्ब्ज पद्धतीचा आहे, म्हणजे मोजक्या नियंत्रणबिंदूंनी गुळगुळीत वक्र पृष्ठभाग गणिताने बांधण्याचा, आणि मॅट्रिक्ससारखी खास सोनारकामाची साधने याच पायावर उभी राहिली.

अशी सॉफ्टवेअरे पुष्कळांनी विकत घेण्याऐवजी नकलून वापरली. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात 1984 मध्ये संगणक-आज्ञावलींना संरक्षण मिळाले आणि 1994 च्या दुरुस्तीने नक्कल जाणूनबुजून वापरणे हाही गुन्हा ठरला, तरी ‘शिकण्यापुरती’ प्रत फुकट मिळवण्याची सवय सुटली नाही. ती सवय घातक होती असेच म्हटले पाहिजे, कारण तिच्यामुळे खरोखर मोफत असलेल्या साधनांकडे शिकणाऱ्यांचे लक्षच गेले नाही. ब्लेंडर 2002 मध्ये मुक्त झाले, त्याच वर्षी फ्रीकॅडची पहिली आवृत्ती आली, आणि ब्लेंडरला जोडता येणारे ज्वेलक्राफ्ट खडे व त्यांची कोंदणे मांडून देते. फ्रीकॅड मापांवर चालते, म्हणून साच्याच्या भागांना ते अधिक सोयीचे; नक्षीसाठी ब्लेंडर बरे. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने 2016 मध्ये कायमचे परवाने विकणे थांबवून वर्गणी सुरू केल्यानंतर मोफत आणि विकतच्या साधनांमधला फरक आणखी महत्त्वाचा झाला. रायनोने मात्र कायमचा परवाना टिकवला. त्याची पूर्ण आवृत्ती 90 दिवस विनामूल्य वापरून पाहता येते, आणि विद्यार्थ्याला सवलतीत मिळालेल्या परवान्यावर पुढे व्यवसायही करता येतो.

निवडीची खरी कसोटी किंमतपत्रिकेवर नसून ओतकामात लागते. अंगठीत 1.3 मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे साधारण एका सेंटचे (कॅरटच्या शंभराव्या भागाचे) खडे बसवायचे असतील, तर प्रत्येकाचे कोंदण आणि ते धरणारे दाते आराखड्यातच मापाने द्यावे लागतात, आणि मेणाच्या नमुन्यावरून ओतलेली धातू थंड होताना आकसते, तेवढी वाढ आधीच धरावी लागते. नमुना छापणाऱ्या यंत्राकडे आराखडा बहुधा एसटीएल फाइलमधून जातो, जिच्यात पृष्ठभाग केवळ त्रिकोणांनी साठवलेला असतो. ही फाइल मोफत साधनातूनही निघते. पण त्रिकोणांमध्ये फट राहिली, तर नमुना बिघडतो. म्हणून फाइल सदोष आहे का हे तपासण्याची सोय साधनात आहे की नाही, हे नवशिक्याने किमतीच्याही आधी पाहायला हवे. कारखान्यांत रायनोच्या फाइली सर्रास फिरत असल्याने नोकरीसाठी ते शिकावेच लागते, हेही तितकेच खरे. मात्र घंटीवर वर्षे घालवलेला आणि मंदीत काम गमावलेला कारागीर पहिला महिना ब्लेंडरवर काढतो, तेव्हा त्याचा एक रुपयाही अडकत नाही, आणि कोंदणाच्या मापांची जी जाण तो हातांतून घेऊन येतो, ती कोणत्याही परवान्याबरोबर विकत मिळत नाही.