गिअरची घ्यावी की बिनगिअरची? ऑफिसला जायची स्पोर्टी गाडी निवडताना



मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे असताना घर आणि ग्रीन कार्ड यांच्या खालोखाल कुठला विषय निघत असेल तर तो गाडीचा. पहिली कॅमरी किंवा ॲकॉर्ड आठ-दहा वर्षे इमानेइतबारे चालवून झालेली असते, हप्ते फिटलेले असतात, आणि मग मनात येते की आता जरा चालवायला मजा येईल अशी गाडी घ्यावी. रोज ऑफिसलाही नेता येईल, मागे मुलांची कार सीटही बसेल आणि खिशालाही फार चाट बसणार नाही. इथपर्यंत सगळ्यांचे एकमत असते. प्रश्न अडतो तो गिअरपाशी. आम्हाला हा प्रश्न इतक्या वेळा विचारला गेला आहे की एकदा सविस्तर लिहूनच टाकावे असे ठरवले.

आम्ही दोघांनी दोन्ही प्रकारच्या गाड्या वापरल्या आहेत, त्यामुळे बाजू घेऊन बोलणार नाही (निदान तसा प्रयत्न करू!).

आधी हे पाहू की मिळते काय. अमेरिकेत नव्या विकल्या जाणाऱ्या गाड्यांत मॅन्युअल आता शंभरात जेमतेम एक-दोन. साध्या गाड्यांतून ती जवळपास गेलीच. ॲकॉर्डमध्ये २०२० नंतर मिळत नाही, आणि होंडा फिट तर २०२० नंतर या देशात विकायचीच बंद झाली. मॅन्युअल उरली आहे ती नेमकी आपण म्हणतोय त्या स्पोर्टी वर्गात. होंडा सिव्हिक एसआय इथे फक्त मॅन्युअलमध्येच येते. सुबारू डब्ल्यूआरएक्स, ह्युंदाई इलांट्रा एन आणि अक्युरा इंटिग्रा यांत दोन्ही पर्याय आहेत, पण इंटिग्राच्या सगळ्या ट्रिममध्ये नाहीत. टोयोटा जीआर कोरोला २०२३ मध्ये आली तेव्हा फक्त मॅन्युअल होती, २०२५ पासून तिला ८ गिअरची ऑटोमॅटिकही मिळू लागली. उलट फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयचे मॅन्युअल २०२४ च्या मॉडेलबरोबर संपले. त्यामुळे मॅन्युअल जीटीआय हवीच असेल तर जुनीच शोधावी लागेल.

आता 'ऑटोमॅटिक' हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्याखाली तीन वेगळी यंत्रे येतात आणि त्यांचे स्वभावही वेगळे आहेत.

पहिले जुने आणि पक्के, टॉर्क कन्व्हर्टरवाले. ओल्ड्समोबाइलने १९४० च्या मॉडेलमध्ये हायड्रामॅटिक आणली तेव्हापासून अमेरिका ऑटोमॅटिकच्या प्रेमात आहे. हायड्रामॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये फ्लुइड कपलिंग होते, पुढे त्याचीच सुधारून टॉर्क कन्व्हर्टर आली. दोन्हींत जोडणी तेलातून होते म्हणून गाडी झटका न देता हळूच सरकते. पूर्वी यात शक्ती वाया जायची, गिअरही तीन-चारच असायचे, म्हणून 'ऑटोमॅटिक पेट्रोल खाते' हे आपल्या डोक्यात बसले. आता गिअर आठ-दहा झाले आणि वेग घेतल्यावर कन्व्हर्टर लॉक होतो, त्यामुळे ती तक्रार फारशी राहिली नाही.

दुसरे सीव्हीटी. यात गिअर नसतातच, दोन पुली आणि त्यांच्यावर पट्टा किंवा साखळी. सिग्नल-सिग्नलच्या रस्त्यावर अगदी सुखाचे. पण जोरात दाबले की आवाज आधी येतो आणि वेग मागून येतो. स्पोर्टी गाडी म्हणून पैसे मोजायचे आणि मिक्सरसारखा आवाज ऐकायचा, हे आम्हाला पटत नाही. डब्ल्यूआरएक्सची 'परफॉर्मन्स ट्रान्समिशन' म्हणजेही आतून सीव्हीटीच, हे डीलरकडे जाण्याआधी माहीत असलेले बरे.

तिसरे ड्युअल क्लच. खरे तर हे मॅन्युअलचेच भावंड आहे. दोन क्लच असतात आणि ते संगणक चालवतो. एका क्लचकडे १-३-५, दुसऱ्याकडे २-४-६. पुढचा गिअर आधीच तयार असल्याने बदल माणसाच्या हातापेक्षा कितीतरी लवकर होतो. जीटीआय आणि इलांट्रा एनमध्ये हेच आहे. फक्त लक्षात ठेवा, आत खरेखुरे क्लच आहेत. ट्रॅफिकमध्ये पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकत राहिलात तर ते तापतात. जुनी घेताना जास्त सावध राहा. फोर्डच्या २०१२ ते २०१६ च्या फोकस आणि २०११ ते २०१६ च्या फिएस्टामधल्या कोरड्या ड्युअल क्लचबद्दल इतक्या तक्रारी झाल्या की प्रकरण कोर्टात गेले. तीच फिएस्टा मॅन्युअलमध्ये मिळाली तर मात्र गुणी गाडी आहे.

आता आपला लाडका प्रश्न, ॲव्हरेज किती देते? याला एक उत्तर नाही. २०२२ च्या इलांट्रा एनचा सरकारी आकडा मॅन्युअलला २५ मैल आणि ड्युअल क्लचला २३, म्हणजे इथे मॅन्युअल पुढे. पण २०२५ ची सिव्हिक एसआय आणि सिव्हिक हायब्रिड शेजारी ठेवून बघा. दोन्ही २०० हॉर्सपॉवर. एसआय गॅलनला ३१ मैल, हायब्रिड सेडान ४९. वर्षाला १२,००० मैल चालवले तर सुमारे १४० गॅलनचा फरक पडतो. हायब्रिडला क्लचही नाही आणि दांडाही नाही. तेव्हा 'पेट्रोल वाचते म्हणून मॅन्युअल घेतोय' असे घरी सांगणार असाल तर हा हिशेब समोरच्याला माहीत नसावा अशी प्रार्थना करा. मॅन्युअल घ्यावी ती मजेसाठी, आणि तसे सरळ सांगून घ्यावी.

आणि मजा खरीच आहे. फ्रीवेच्या रॅम्पवर दुसऱ्यातून तिसऱ्यात गाडी खेचत न्यायची, वळणाआधी गिअर उतरवायचा, इंजिनचा सूर कानाने ओळखायचा. कसारा घाटातून जाणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. पण तुमचा ऑफिसचा रस्ता घाट आहे का? न्यू जर्सीत रूट १ वर एडिसनहून प्रिन्स्टनकडे सकाळी साडेआठला निघा, किंवा बे एरियात ८८० वर. पहिला, दुसरा, क्लच, ब्रेक, पुन्हा पहिला. पहिला आठवडा गंमत वाटते, तिसऱ्या महिन्यात डावा गुडघा बोलायला लागतो. शिवाय हल्ली पुढच्या गाडीमागे आपोआप थांबणारा आणि पुन्हा निघणारा क्रूझ कंट्रोल आला आहे. मॅन्युअलमध्ये तो पूर्ण थांबेपर्यंत काम करू शकत नाही, कारण क्लच कोण दाबणार? एसआयमध्ये क्रूझ पुढच्या गाडीपासून अंतर राखतो, पण हळू ट्रॅफिकमध्ये सूत्रे तुमच्याच हाती येतात. ज्याचा रोज तासभर असा जातो त्याने या एका गोष्टीवरच निर्णय घ्यावा असे आमचे मत आहे.

आता आमच्या घरची गोष्ट. आम्हा दोघांपैकी मॅन्युअल येत होती ती 'तिला'. नाशिकला वडिलांची मारुती ८०० चालवून हात तयार झालेला. 'त्याने' भारतात फक्त बजाज स्कूटर चालवलेली, गाडी शिकला तो इथे येऊन, ऑटोमॅटिकवर. त्यामुळे स्पोर्टी मॅन्युअल आली ती तिच्यासाठी, आणि 'मी शिकतो पुढच्या महिन्यात' हे वाक्य दीड वर्ष चालले. मग एका फेब्रुवारीत तिचा डावा घोटा बर्फावर मुरगळला. त्याच आठवड्यात त्याची गाडी गॅरेजमध्ये. शाळेतून फोन आला की मुलीला ताप आहे, घेऊन जा. दारात टाकी भरलेली, धडधाकट गाडी उभी आणि घरातल्या दोन लायसन्सधारकांपैकी एकालाही ती हलवता येईना! दारातली गाडी ऑटोमॅटिक असती तर ती उजव्या पायाने गेली असती. शेवटी शेजारच्या आजी धावून आल्या. मुलगी पाऊण तास नर्सच्या खोलीत बसून होती.

ही केवळ गंमत म्हणून सांगत नाही. इथे गाडी नसेल तर दूध आणणेही अवघड. आपल्याकडे बरेच जण पहिल्यांदा स्टिअरिंग हातात धरतात ते अमेरिकेत आल्यावर, आणि त्यासाठी केवढे धैर्य गोळा केलेले असते. अशा घरात दुसरी गाडी एकालाच येणारी असेल तर दुसऱ्या माणसाचे पाय बांधल्यासारखे होतात. म्हणून आमचा नियम सोपा आहे. घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला येत नसेल, किंवा मनापासून शिकायचे नसेल, तर मॅन्युअल आणू नये.

शिकायचेच असेल तर अडचण कायद्याची नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली की लायसन्स तेवढ्यापुरतेच मिळते, इथे आपल्या साध्या लायसन्सला तसे बंधन नाही. मात्र याचाच अर्थ असा की तुम्हाला मॅन्युअल येते का हे कोणी तपासत नाही, ते तुम्हीच तपासायचे.

भारतात चालवलेल्यांनीही पहिल्या दिवशी जपून. पेडल तीच, त्याच क्रमाने, पण गिअर आता उजव्या हाताला. आणि गंमत अशी की गिअरचा नकाशा आरशासारखा उलटत नाही. तिकडे पहिला गिअर आपल्यापासून दूर ढकलून टाकायचा, इथे तो अंगाकडे ओढून. सवयीने हात दूर जातो आणि गाडी भलत्याच गिअरमध्ये पडते. रिव्हर्सही प्रत्येकाचा निराळा. फोक्सवॅगनमध्ये दांडा खाली दाबून डावीकडे पुढे, सुबारूमध्ये मुठीखालची कडी वर उचलून. दुसरी सवय सोडायची ती सिग्नलला क्लचवर पाय ठेवून हाफ क्लचवर गाडी धरण्याची. क्लचप्लेट झिजणे सहसा वॉरंटीत धरत नाहीत, आणि बदलायचा खर्च बहुतेक ठिकाणी चार आकडी डॉलर्समध्ये जातो.

नवशिक्यांनी रविवारी सकाळी रिकामा, सपाट पार्किंग लॉट गाठावा. पहिला अर्धा तास ॲक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही. पहिला गिअर टाकून क्लच इतका सावकाश सोडायचा की गाडी आपणहून सरकायला लागेल. तो क्लच पकडण्याचा क्षण तळपायाला कळला की निम्मे काम झाले. चढाची भीती बाळगू नका, नव्या गाड्यांत ब्रेक क्षणभर धरून ठेवण्याची सोय असते. दोन-तीन रविवार पुरतात. नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला शक्यतो शिकवू नये, मित्राला सांगावे. आम्ही हे अनुभवाने सांगतो. भारतातून बाबा आलेले असतील तर उत्तमच. प्रीमियर पद्मिनीचा स्टिअरिंगजवळचा गिअर चालवलेल्या माणसाकडे संयम भरपूर असतो.

शेवटी डीलरकडे जाताना एवढेच करा. आधी फोन करून मॅन्युअल खरोखर लॉटमध्ये आहे ना ते विचारा, बऱ्याचदा नसते. टेस्ट ड्राइव्ह शनिवारी दुपारी मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका, कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी घ्या, जमल्यास तुमच्याच ऑफिसच्या वाटेवर. आणि घरातल्या दुसऱ्या चालवणाऱ्याला बरोबर न्या. मागच्या सीटवर नव्हे, परतीच्या वाटेवर स्टिअरिंग त्यांच्या हातात द्या.