दुमजली बसचा जिना आणि हृदयविकाराचा शोध

१/ दुसरे महायुद्ध नुकतेच संपलेले. लंडनच्या दुमजली बसवर दोन माणसे कामाला असत : चालक आणि वाहक. बस एक, मालक एक, वेळापत्रकही एकच. तरीही हृदयविकार दोघांना सारख्या प्रमाणात गाठत नव्हता. हे कसे उलगडले, त्याचा हा इतिहास.

२/ त्या काळी ब्रिटनमध्ये मध्यमवयीन पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू झपाट्याने वाढत होते. कारण मात्र कोणालाच नीट सांगता येत नव्हते. शारीरिक श्रमांचा याच्याशी संबंध असेल, असे मानणारे फार थोडे.

३/ त्या थोड्यांपैकी एक डॉ. जेरी मॉरिस. जन्म १९१०, बालपण ग्लासगोत. युद्धकाळात लष्करी डॉक्टर म्हणून ते भारतातही होते. पुढे त्यांनी वेगवेगळ्या व्यवसायांतील माणसांचे आजार ताडून पाहण्याचे काम हाती घेतले.

४/ १९४९पासून त्यांनी लंडनच्या सार्वजनिक वाहतुकीतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० पुरुषांच्या आजारपणाच्या व मृत्यूच्या नोंदी तपासल्या. चालक जवळजवळ संपूर्ण पाळी बसून काढी. वाहक मात्र तिकिटे देत दिवसाकाठी सुमारे ६०० पायऱ्या चढे.

५/ वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. झालाच तर अधिक वयात, आणि कमी जीवघेणा.

६/ मॉरिस यांनी निष्कर्षाची घाई केली नाही. चालकाला रहदारीचा ताण असतो. दोष त्याचाही असू शकेल. म्हणून त्यांनी टपालखाते पाहिले. पायी वा सायकलने फिरणारे पोस्टमन एकीकडे, बैठे कारकून व टेलिफोनवाले दुसरीकडे. चित्र तेच! नोव्हेंबर १९५३मध्ये हे संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

७/ तरी एक शंका उरली : मुळात स्थूल माणसेच चालक होत असतील तर? १९५६मध्ये मॉरिस व सहकाऱ्यांनी गणवेशाच्या मापांची नोंद तपासली. चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर खरोखरच मोठा होता, अगदी तरुण वयापासून. स्वतःच्या सिद्धान्ताला अडचणीची ठरेल अशी ही माहिती त्यांनी स्वतःच छापली.

८/ पुढील तपासात दिसले, की वाहक सडपातळ असो वा स्थूल, त्याला धोका कमीच. म्हणजे सारा फरक केवळ कमरेच्या घेराने स्पष्ट होत नव्हता. श्रमाचा वाटा उरतच होता.

९/ मुंबईत ‘बेस्ट’ची दुमजली बस १९३७मध्ये आली. तिथेही चालक आसनावर आणि वाहक जिन्यावर, अशीच कामाची वाटणी होती.

१०/ पुढे खर्च वाचवण्यासाठी लंडनच्या बसवरून वाहक हळूहळू नाहीसा झाला. तिकिटे देण्याचे कामही बसल्या जागेवरून चालकच करू लागला. दोन नोकऱ्यांपैकी हृदयाला मानवणारी नोकरी गेली, बैठी तेवढी उरली. चालकाच्या छातीत कळ येते तेव्हा आपण त्याच्या खाण्यापिण्याकडे बोट दाखवतो. मॉरिस यांनी सत्तर वर्षांपूर्वी त्याच्या आसनाकडे दाखवले होते.