उंदरांच्या शेपटीपासून आठ हातांपर्यंत

सन १९२९. तुम्ही मिनेसोटा विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत पिंजऱ्यांवर वाकून पाहताय. उंदरांच्या शेपट्यांवर खवले धरलेत, केस गळताहेत, वाढ खुंटली आहे. उपासमार म्हणावी तर साखर, दुधातलं प्रथिन, क्षार, जीवनसत्त्वं सगळं वेळच्या वेळी मिळतंय. खाण्यातून काढलेत ते फक्त स्निग्ध पदार्थ, तेही शेवटच्या अंशापर्यंत. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर हे नवराबायको या कामात भलतेच काटेकोर. आता त्यांनी थोडं लिनोलेइक आम्ल उंदरांना चारलं, आणि मरणाच्या वाटेवरचे उंदीर सावरू लागले. काही मेदाम्लं शरीराला बनवताच येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात, हे इथे ठरलं. तुमचंही तसंच आहे. घरच्या करडईच्या तेलात आणि जवसाच्या चटणीत जे येतं, ते तुमच्या शरीराला स्वतः तयार करता येत नाही.

इथवर सगळं चोख. घोटाळा पुढे झाला. उंदीर, कोंबड्या, मासे, माणूस यांच्यावरून निघालेला निकाल पाठ्यपुस्तकांनी बघता बघता अख्ख्या प्राणिसृष्टीला लावून टाकला. ऑक्टोपसला कुणी विचारलंच नाही.

म्हणून आता बरंच मागे जा. इ.स.पू. ३४४ च्या सुमारास, लेस्बॉस बेटावर, पिऱ्हाच्या उथळ खाडीत. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहा. शेजारच्या माणसाने पाण्यात हात सोडलाय आणि दगडाच्या कपारीतून एक ऑक्टोपस कुतूहलाने त्या हाताकडे सरकतोय. माणूस आहे अ‍ॅरिस्टॉटल. पाण्यातल्या हाताजवळ आपण होऊन येतो म्हणून या प्राण्याला तो मूर्ख ठरवणार आहे. इतक्या बारीक नजरेच्या माणसाने हा निष्कर्ष काढावा याचं मला अजून नवल वाटतं. पण त्याला ऑक्टोपसचं बाहेरचंच दिसतंय. तुम्ही आत शिरा.

तीन हृदयं, तांब्यामुळे निळसर झालेलं रक्त, ते सगळं मागे टाका आणि एका पेशीत उतरा. दोन-दोन कार्बन जोडत साखळी वाढतेय. सोळा कार्बनची झाली, मग अठरा. आता एक विकर येतो आणि नवव्या कार्बनपाशी दुहेरी बंध घालतो. साखळी तिथे वाकते. हे झालं ओलेइक आम्ल, शेंगदाण्याच्या तेलात असतं तेच. इथपर्यंतचं काम तुमच्या पेशीही करतात, पण नवव्या कार्बनच्या पलीकडे, शेपटीच्या बाजूला, बंध घालणारा विकर तुमच्याकडे नाही.

इथे मात्र काम थांबत नाही. दुसरा विकर त्याच साखळीला धरतो आणि बाराव्या कार्बनपाशी आणखी एक बंध घालतो. लिनोलेइक आम्ल! मिनेसोटातले उंदीर ज्याच्यासाठी तडफडत होते ते हेच. लगेच तिसरा विकर पंधराव्या कार्बनपाशी हात घालतो, आणि जवसातलं ओमेगा-३ मेदाम्ल तयार होतं. ना पान, ना बी, ना शेवाळ. तोच तिसरा विकर वीस कार्बनच्या अराकिडॉनिक आम्लावरही चालतो आणि त्याचं ईपीए करून टाकतो. माशाच्या तेलाच्या बाटलीवर ज्याचं नाव छापलेलं असतं ते ईपीए. बंध जितके जास्त तितकी साखळी वाकडी, आणि पेशीचं आवरण थंड पाण्यातही तितकंच लवचिक.

हा वारसा किती जुना, याचा अंदाज हवा तर आणखी एक उडी मारा. पन्नास कोटी वर्षांपूर्वीचा, कँब्रियन काळाच्या अखेरीचा समुद्र. बोटाच्या पेराएवढे, कप्प्याकप्प्यांचा शंख वागवणारे जीव तळावर सरपटताहेत. ऑक्टोपस, म्हाकूल, नॉटिलस यांचे हे सुरुवातीचे नातलग. तुमच्या पूर्वजांची आणि यांची वाट याच्याही आधी फुटली आहे. असे विकर प्रवाळांत, कृमींत, गोगलगायींच्या कुळात, इवल्या कवचधाऱ्यांतही विखुरलेले आहेत. नाओकी काबेया, ऑस्कर मोन्रॉइग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हे दाखवलं. त्याआधी एका सूत्रकृमीत ते सापडले होते, पण तो अपवाद म्हणून बाजूला ठेवला गेला होता. अपवादाकडे अशी पाठ फिरवायची खोड विज्ञानालाही आहे.

आता २०१९, स्पेन. अ‍ॅरिस्टॉटलच्या खाडीतल्याच जातीच्या ऑक्टोपसची दोन जनुकं संशोधकांनी यीस्टमध्ये घातली आहेत. यीस्टच का? तर पावाच्या यीस्टला एकाहून जास्त दुहेरी बंधांची मेदाम्लं स्वतः बनवता येत नाहीत. त्यात लिनोलेइक आम्ल दिसलं तर श्रेय ऑक्टोपसच्या जनुकाचं, दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही. आणि ते दिसतंय. शेजारच्या भांड्यात जेमतेम तीन मिलिमीटरची पिल्लं पोहताहेत. त्यांना किरणोत्सारी कार्बनची खूण केलेलं अराकिडॉनिक आम्ल दिलं होतं. काही वेळाने ती खूण ईपीएमध्ये सापडते. म्हणजे नुसतं यीस्टमध्ये नाही, जिवंत पिल्लातही हे घडतं.

जल्लोषाची घाई मात्र करू नका. अराकिडॉनिक आम्ल मुळापासून रचणं आणि ईपीए लांबवून बावीस कार्बनांचं, सहा बंधांचं डीएचए करणं, या दोन्ही ठिकाणी ऑक्टोपसची कुवत फारच तोकडी पडते. आणि पिल्लाचे डोळे नि मज्जासंस्था मागतात ते नेमकं डीएचए. आईने अंड्यात भरलेली शिदोरी सुरुवातीला पुरते. आई स्वतः अंडी राखताना खाणं सोडते आणि पिल्लं बाहेर पडताना मरते. पुढचं ज्याचं त्याने बघायचं. समुद्रात खेकड्यांच्या अळ्या मिळतात, त्यांत डीएचए असतं. टाकीत मिळतो आर्टेमिया नावाचा इवला कवचधारी, पैदास केंद्रांतला सोयीचा खाऊ. त्यात डीएचए जवळजवळ नसतंच. पिल्लं खातात, तरी दगावतात.

ऑक्टोपसची शेती करावी का, हा वाद वेगळा. मला विचाराल तर एवढ्या हुशार, एकलकोंड्या प्राण्याला टाकीत कोंडूच नये. पण टाकीपाशी उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला ती चैन नाही. तो आर्टेमियाला आधी डीएचएयुक्त सूक्ष्म शैवाल चारतो, तोच आर्टेमिया पिल्लांपुढे टाकतो, आणि जमेल तेव्हा खेकड्यांच्या अळ्या मिळवतो.