पाण्याची जीवाणू तपासणी

पिण्याच्या पाण्यात विष्ठेतून आलेले जीवाणू आहेत का, हे ओळखण्याच्या प्रयोगशाळेतील आणि पाणवठ्यावरील पद्धती. कॉलरा, विषमज्वर किंवा हगवणीचे जंतू रोजच्या तपासणीत सहसा कोणी शोधत नाही. त्यांच्या जाती अनेक, पाण्यात संख्या तुरळक आणि प्रत्येकासाठी चाचणी वेगळी. त्याऐवजी त्यांच्या वाटेचा माग काढला जातो. थिओडोर एशेरिख यांनी १८८५ मध्ये तान्ह्या मुलांच्या विष्ठेतून वर्णन केलेला ई-कोलाय हा तो माग. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात. पण तो पाण्यात सापडला, की मैला तिथवर पोचला हे नक्की. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पिण्याच्या पाण्यात तो एकही आढळता कामा नये.

निम्मी तपासणी नमुना घेतानाच होते किंवा फसते. नळाचे तोंड ज्योतीने शेकायचे, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यायचे, निर्जंतुक बाटलीच्या झाकणाला आतून बोट लागू द्यायचे नाही. बाटलीत आधीच चिमूटभर सोडियम थायोसल्फेट असते. ते नसेल तर पाण्यातले क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहते आणि खराब पाणी चांगले ठरते. नमुना बर्फात ठेवून, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायला हवा.

तिथली जुनी पद्धत बहुनलिका चाचणीची. लॅक्टोज असलेल्या रसाच्या नळ्यांमध्ये १०, १ आणि ०.१ मिलिलिटर पाणी घालून त्या ३५ ते ३७ अंश सेल्सियसला ठेवतात. प्रत्येक नळीत एक छोटी नळी उलटी बुडवलेली असते. ई-कोलाय ज्यात मोडतो त्या कोलिफॉर्म गटातले जीवाणू लॅक्टोज आंबवून वायू सोडतात आणि त्या उलट्या नळीच्या टोकाशी बुडबुडा अडकतो. किती नळ्यांत बुडबुडा आला त्यावरून तक्त्यात जीवाणूंची संभाव्य संख्या पाहतात. पुढे खात्रीच्या चाचण्या असल्याने अहवालाला दोन ते चार दिवस लागतात, आणि तोवर गाव तेच पाणी पीत असते.

गाळणपटल पद्धतीत ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या पटलावर जीवाणू अडकवून त्यांच्या वसाहती थेट मोजतात. विकर पद्धतीत २४ तासांत पाणी पिवळे झाले तर कोलिफॉर्म आणि अतिनील दिव्याखाली निळे चमकले तर ई-कोलाय समजतात. गंमत अशी, की ई-कोलायचा अत्यंत घातक ओ१५७ हा प्रकार सहसा चमकतच नाही.

खेड्यापाड्यांत उपयोगी पडली ती ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील मांजा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेली एच-टू-एस बाटली. तिच्या तळाशी पेप्टोन, लोहक्षार आणि पुन्हा तेच थायोसल्फेट शोषलेला कागद असतो. खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी ठेवायची. जीवाणूंनी हायड्रोजन सल्फाइड सोडला, की लोहाशी संयोग होऊन बाटली काळीकुट्ट होते, दूषण जास्त असल्यास रातोरात. ना सूक्ष्मदर्शक, ना वीज. खुद्द ई-कोलाय मात्र सहसा हा वायू सोडत नाही. बाटली काळी करतात ते विष्ठेतले सिट्रोबॅक्टरसारखे त्याचे सोबती. काही विहिरींत मातीतलेच गंधकप्रिय जीवाणू हे काम करतात, म्हणून काळ्या बाटलीनंतर प्रयोगशाळेची खात्री घ्यावी लागते.

पीसीआर चाचणी जीवाणूंचा डीएनए काही तासांत ओळखते. परंतु क्लोरीनने मेलेल्या जंतूंचाही.

तपासणी बरोबर असूनही अनर्थ झाल्याचे उदाहरण कॅनडातील वॉकरटनचे. मे २००० मध्ये तिथल्या कूपनलिकेत शेणखतातून ओ१५७ उतरला. प्रयोगशाळेने दूषित पाण्याचा अहवाल पाणीपुरवठा विभागाला कळवला होता. तिथल्या व्यवस्थापकाने तो आरोग्य अधिकाऱ्यांपासून दडवला. २,३०० हून अधिक माणसे आजारी पडली, सात दगावली.

एच-टू-एस चाचणीत काळी झालेली बाटली उकिरड्यावर भिरकावण्याजोगी नसते. आत जीवाणूंचे पीक आलेले असते. ब्लीचिंग पावडरचे द्रावण ओतून, काही वेळ थांबूनच ती रिकामी करतात.