ब-जीवनसत्त्वांच्या गोळीवरील आकडे

ब-जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचे पाकीट हातात घेतले की त्यावर नावांची यादी दिसते. प्रत्येक नावापुढे एक आकडा असतो. कुठे मिलिग्रॅम, तर कुठे मायक्रोग्रॅम. ही जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात, जास्त झालेली लघवीवाटे निघून जातात, मग आकडे कशाला पाहायचे, असे आपण सहज म्हणतो. फॉलिक आम्ल आणि ब-१२ यांचा इतिहास पाहिला, तर हे म्हणणे किती अपुरे आहे ते कळते.

१९२६ साली अमेरिकेत मायनॉट व मर्फी यांनी ‘पर्निशियस ॲनिमिया’ या तोवर प्राणघातक ठरणाऱ्या रक्तक्षयाचे रुग्ण रोज भरपूर यकृत खायला देऊन सुधारल्याचे दाखवले. दोनच वर्षांनी लूसी विल्स या इंग्रज संशोधिका मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये त्यांना तसाच रक्तक्षय दिसला. रक्तातील तांबड्या पेशी कमी, पण आकाराने मोठ्या. मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर या स्त्रिया बऱ्या झाल्या, हे विल्स यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे आणखी एक गोष्ट लक्षात आली. पर्निशियस ॲनिमियावर चालणारा यकृताचा शुद्ध केलेला अर्क या दुसऱ्या रक्तक्षयावर चालत नव्हता. म्हणजे रोग दिसायला सारखे, पण उणीव वेगवेगळ्या पदार्थांची होती.

त्यांतला एक पदार्थ १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून मिळवण्यात आला. पानाला लॅटिनमध्ये ‘फोलियम’ म्हणतात, म्हणून नाव पडले फॉलिक आम्ल. १९४५ पासून ते प्रयोगशाळेत तयार होऊ लागले आणि पर्निशियस ॲनिमियाच्या रुग्णांनाही दिले गेले. रक्त सुधारले. परंतु काही रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येणे, बधिरता, तोल जाणे सुरूच राहिले, नव्हे वाढले. त्यांची खरी उणीव ब-१२ ची होती, आणि ते १९४८ मध्ये वेगळे करता आले. भरपूर फॉलिक आम्ल मिळाले तर ब-१२ वाचूनही रक्तपेशी काही काळ तयार होतात. मज्जातंतूंची गरज मात्र भागत नाही. रक्ततपासणी ठीक येते, रोग झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी कायमची होऊ शकते.

म्हणूनच १९९८ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी प्रौढांसाठी गोळ्यांतून व फॉलिक आम्ल मिसळलेल्या अन्नातून मिळणाऱ्या मात्रेची मर्यादा रोज १००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅम, ठरवली. यापेक्षा मोठी मात्रा वैद्यकीय कारणासाठी लागू शकते. आधीच्या गर्भाच्या मज्जारज्जूत जन्मजात दोष होता, अशा स्त्रियांना रोज ४ मिलिग्रॅम दिल्यास तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटते, असे १९९१ च्या ब्रिटिश चाचणीत दिसले. पण ती मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

आता ब-१२ पाहू. गरज रोज सुमारे २.४ मायक्रोग्रॅम, मग गोळीत १००० का? आतड्यातील खास यंत्रणा एका वेळी जेमतेम दोन मायक्रोग्रॅम शोषते. उरलेल्यातले सुमारे एक टक्काच आत झिरपते. म्हणजे हजारातून पदरात पडतात दहा-बारा. येथे मोठा आकडा योग्य असू शकतो. ब-६ चे तसे नाही. रोज दोन ग्रॅम वा अधिक ब-६ महिनोन्‌महिने घेणाऱ्यांचे हातपाय बधिर झाल्याची नोंद १९८३ ची आहे. पाण्यात तेही विरघळतेच!

डाळी व पालेभाज्यांतून फॉलेट मिळते, ब-१२ मिळत नाही. त्यामुळे दूधही न घेणाऱ्या शाकाहाऱ्याने या दोन्ही ओळी एकत्र वाचायला हव्यात.

वर्गात रिकामी पाकिटे आणवून विद्यार्थ्यांकडून सर्व आकडे आधी मायक्रोग्रॅममध्ये लिहून घ्यावेत. मग प्रत्येक आकड्याला दोन प्रश्न विचारावेत: गरजेच्या किती पट? आणि एवढे कशासाठी?