जाळीचा पूर्वेतिहास

इतिहास माणसांनाच असतो, असा आपला समज. नायट्रिक आम्लासाठी अमोनिया व हवा तप्त प्लॅटिनमच्या जाळीवरून सोडतात. वायूंचा प्रवाह तोच, घटकांचे प्रमाण तेच. तरीही जाळी थंड राहू शकते किंवा धगधगत राहू शकते. आरंभ कसा झाला, यावर सारे ठरते. स्वीडिश अभियंता लिल्येनरोथ याने १९१८ साली हे आकृतीने दाखवले: उष्णता निर्माण होण्याची वक्ररेषा आणि ती वाहून जाण्याची सरळ रेषा तीन ठिकाणी छेदतात. मधला बिंदू अस्थिर. तिथे प्रक्रिया ठरत नाही. लेख दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. १९५३ मध्ये डच संशोधक व्हान हीरडेन याने हाच विचार पुन्हा मांडला. १९५८ मध्ये मिनेसोटाच्या ॲरिस आणि अमंडसन यांनी त्याला गणिती शिस्त दिली. यांतला ॲरिस, आपल्या वाचकांना कौतुक वाटेल, जुन्या लॅटिन हस्तलिखितांच्या अक्षरवळणांचाही अभ्यासक होता.